हसतोय की

दाताच्या डॉक्टरबाई थांबल्या. एवढंच झालं, आणि माझ्या छातीत काहीतरी जागचं हललं. मी खुर्चीत आडवा, तोंड आ वासलेलं, ओठाच्या कोपऱ्यात लाळ ओढणारी नळी, डोळ्यांवर दिव्याचा पांढरा गोळा. डॉक्टरबाईंच्या हातातलं यंत्र इतका वेळ कवटीत गांधीलमाशी कोंडल्यासारखं भणभणत होतं, ते मी डावा हात वर करताच गप्प झालं. हात पुरता वर गेलाही नव्हता. उत्तर येत नसलेलं पोर वर्गात उचलतं तसा, हो-नाही करत, कोपरापासून थोडा उचलला होता. "काय झालं? दुखलं?" बाईंनी विचारलं. मी मान हलवली. दुखलं नव्हतं. त्यांनी नळी काढली. "मग?" मी म्हणालो, "काही नाही. असाच." मास्कमागे त्या हसल्या असाव्यात, डोळ्यांशेजारी सुरकुत्या पडल्या. "असाच तर असाच. परत वाटलं तर परत करा." कोपऱ्यातल्या स्टुलावर पाय हलवत बसलेली माझी मुलगी म्हणाली, "थांबल्या ना बाबा? म्हणाल्या होत्या तश्शाच थांबल्या."

म्हणाल्या तर होत्याच. सुरू करायच्या आधी आम्हा बापलेकींना समोर उभं करून म्हणाल्या होत्या: दुखलं, भीती वाटली, नुसता कंटाळा आला, तरी डावा हात वर करायचा, मी थांबणार. मी मान डोलावली होती. असली वाक्यं मी जन्मभर ऐकत आलोय. ती म्हणायची असतात. सुई टोचणारा म्हणतो, कळणारसुद्धा नाही. गिऱ्हाईक म्हणतं, तुमच्या सवडीने करा, घाई नाही. मुलीच्या शाळेत म्हणतात, पालकांनी मोकळेपणाने बोलावं. एकदा बोलून बघा मोकळेपणाने, मग त्यांचे चेहरे बघा. म्हणून मी हात उचलला तो निव्वळ खोटं पकडायला. आणि खोटं सापडलंच नाही. यंत्र पुन्हा सुरू झालं, मी तोंड उघडून पडून राहिलो, आणि डोळ्यांतून पाणी आलं ते कानात गेलं. बाईंना वाटलं दुखतंय. त्या स्वतःहून पुन्हा थांबल्या.

दात समोरचा होता, वरचा. त्याला मधोमध खाच पडली होती, करवतीने पाडावी तशी. "दातात काय धरता हो तुम्ही?" बाईंनी आल्या आल्या विचारलं होतं. खिळे, मी सांगितलं. माझा धंदा सोफा-खुर्च्यांना नवं कापड चढवायचा. कारखाना आता मोठ्या भावाचा, जुन्या मालकाकडून घेतलेला; मी त्याच्या हाताखाली शिकलो आणि त्याच्याच हाताखाली आहे. पूर्वी कापड बारक्या खिळ्यांनी ठोकत. चिमूटभर खिळे तोंडात टाकायचे, जिभेने एकेक फिरवून ओठांत आणायचा, हातोडीच्या लोहचुंबकी टोकाने टिपायचा आणि ठोकायचा. आता हवेवर चालणारी स्टेपलची बंदूक आली, खाटखाट करून सगळं उरकतं. कारखान्यात सगळे तीच वापरतात. मी एकटा अजून खिळे चघळतो. गिऱ्हाइकांना वाटतं, काय जुन्या वळणाचा कारागीर आहे. दादाही त्यांना कौतुकाने सांगतो, आमचा हस्या बंदुकीला हात लावत नाही. "मग सोडा की आता," बाई म्हणाल्या, "कशाला दात घालवता?" मी म्हणालो, सवय.

सवय कसली बोडक्याची. कारखान्यात एक नियम आहे, दादाच्याही आधीपासूनचा. तोंडात खिळे असलेल्या माणसाला कुणी हात लावायचा नाही. दचकला तर गिळेल. हा नियम सगळे पाळतात, दादाही पाळतो. म्हणून मी सकाळी आल्याबरोबर खिळे तोंडात टाकतो ते जेवायच्या सुट्टीला काढतो, आणि डबा खाऊन पाणी प्यायलो की लगेच पुन्हा टाकतो. मधला तो वेळ वाईट. मी पाठ भिंतीला लावून जेवतो. कुणीतरी मागून येतो आणि बरगडीत दोन बोटं खुपसतो, मी किंचाळून हसतो, डबा कलंडतो, आणि कारखाना पोट धरून हसतो. शिवणयंत्रावरच्या मावशी तेवढ्या म्हणतात, "अरे जेवू द्या रे त्याला." पण हसत हसतच म्हणतात. म्हणून माझं नाव हस्या. नवा माणूस कामाला लागला की त्याला आधी कात्री कुठे ते दाखवतात, मग संडास कुठे ते, मग मला दाखवतात. हा हस्या. याला नुसतं बोट दाखवलं तरी हसतो. बघ.

तुम्ही म्हणाल, गुदगुल्यांचं एवढं काय. म्हणा. मारलं असतं तर तुम्ही कनवाळू चेहरा करून ऐकलं असतं. माराला वळ असतात. गुदगुल्यांचा पुरावा म्हणजे हसू, आणि तो तुमच्याच विरुद्ध जातो. तुम्ही जमिनीवर उताणे, छातीवर तुमच्यापेक्षा थोराड कुणी बसलेला, दोन्ही मनगटं त्याच्या एका हातात, आणि दुसऱ्या हाताची बोटं काखेत, बरगड्यांत, मानेच्या घळीत. थांब म्हणायला तोंड उघडावं तर त्यातून हसूच बाहेर पडतं. श्वास बाहेर जातो तो आत येत नाही. छताचा कोपरा काळा पडत येतो. आतला मी ओरडत असतो आणि बाहेरचा खिदळत असतो, आणि जगाचा कारभार बाहेरच्याशी. "हसतोय की!" हे दोन शब्द मी इतक्या तोंडांतून ऐकलेत की मेलो तर तिरडीशीही कुणीतरी म्हणेल. एकदा पाहुण्यांसमोर चड्डी ओली झाली. ती गोष्ट आमच्या घरात अजून सांगतात, माझ्या लग्नातही सांगितली, आणि ती ऐकून मी सगळ्यांच्या आधी हसलो.

आणि हे करणारा माझा दादा. इथेच सगळं अडतं. तो दुष्ट असता तर मी कधीच मोकळा झालो असतो. वडील गेले तेव्हा मी लहान होतो, तोही काही मोठा नव्हता, ओठावर धड लव नव्हती, पण त्याने शाळा सोडली आणि कारखान्यात झाडू मारायला लागला. मला ताप चढला तेव्हा पाठुंगळी घेऊन इस्पितळ गाठणारा तो. मला कापड कापायला शिकवताना माझ्या हातून महागाचं कापड उलटं कापलं गेलं, तेव्हा मालकासमोर "माझ्याकडून झालं" म्हणून उभा राहणारा तो. मी आज जे चार घास खातो ते त्याच्यामुळे, आणि हे मी कुणाच्या दबावाने म्हणत नाही. आई इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला होती. संध्याकाळी यायची तेव्हा तिची बोटं फुगून पांढरी झालेली असायची. ती दिवा न लावता भिंतीला टेकून बसायची, बोलायची नाही, आम्हीही बोलायचो नाही, घरात नळाच्या थेंबाचा आवाज यायचा. मग दादा मला धरायचा. आडवा पाडायचा. मी खिदळायला लागलो की भिंतीकडून आईचा आवाज यायचा, "अगं बाई, हसतोय की पोरगा." आणि ती पण हसायची. उठायची, दिवा लावायची, चुलीकडे जायची. माझ्या हसण्यावर ते घर चालू व्हायचं, किल्ली दिल्यासारखं. मला ते कळत होतं. म्हणून मी थांब म्हणायचो ते जरा हळूच म्हणायचो. दादालाही कळत होतं की काय, ते मला कधीच कळलं नाही.

"आता कोण?" डॉक्टरबाईंनी विचारलं. माझा दात भरून झाला होता, जीभ पुन्हापुन्हा तिथे जात होती, खाच सापडत नव्हती. मी उठलो. माझ्या मुलीला घरात टिचकी म्हणतात, अंगाने एवढीशी आणि बोलणं फटकन लागणारं म्हणून. तिची दाढ किडली होती. तिला धीर यावा म्हणून मी आधी बसलो होतो, आणि आता मलाच धीर सुटल्यासारखं झालं होतं. ती खुर्चीत चढली. खुर्चीला निळं रेक्झिन होतं, डोक्याशी शिवण उसवायला लागली होती. मी तेच बघत उभा राहिलो, कारण पोरीच्या तोंडात यंत्र जाताना बघवेना. यंत्र सुरू झालं. टिचकीचा हात वर. यंत्र बंद. "बोल बेटा." "काही नाही." पुन्हा सुरू. पुन्हा हात. पुन्हा बंद. "दुखलं?" "नाही." तिसऱ्यांदा तर यंत्र नुसतं तोंडाजवळ आलं होतं. बाहेर बाकावर बसलेली माणसं दाराच्या काचेतून बघायला लागली, एक गृहस्थ घड्याळावर टिचक्या मारत होते. मला लाज वाटली. "अगं, उगाच काय सारखं? बाईंना कामं नाहीत का दुसरी?" मी म्हणालो. बाईंनी माझ्याकडे मान वळवली. आवाज चढवला नाही. "तुम्ही नका मधे पडू. तिला खात्री करून घेऊ द्या. मी रोज म्हणते थांबेन, तिने का विश्वास ठेवावा?" मग टिचकीला म्हणाल्या, "कर गं तू. पाहिजे तेवढा वेळ कर." तिने आणखी एकदा केला. मग केला नाही. मग खरोखरचं कोरायला सुरुवात झाली, तिच्या पायाची बोटं चपलेत आवळली, डोळे मिटले, पण हात मांडीवर होता आणि सैल होता. मी माझ्या आयुष्यात इतकी सैल माणसं फार बघितली नाहीत.

बाईंचे आभार मानायचे राहून गेले. निघताना मी त्यांना म्हणालो, खुर्चीची शिवण उसवतेय, येऊन करून देईन. त्या म्हणाल्या, या. एवढंच.

रस्त्यावर ऊन कलतं होतं. टिचकीचा अर्धा गाल बधिर होता, ती तो बोटाने दाबून बघत चालली होती. दुकानांच्या काचांमध्ये थांबून थांबून तोंड वाकडं करत होती. शेवटी एका काचेसमोर थांबली आणि काचेतल्या मला म्हणाली, "बाबा, काकाला सांगितलं तर तो थांबेल?" काका म्हणजे माझा दादा. मी म्हणालो, "कशाला थांबेल? काय करतो तो?" "गुदगुल्या." "तुला आवडत नाहीत?" "नाही." ती ते इतक्या सरळ म्हणाली, भाजी नको म्हणावं तसं. आणि माझ्या तोंडून जे बाहेर पडलं ते माझं नव्हतं, ते आईचं होतं, मावशींचं होतं, पाहुण्यांचं होतं, सगळ्या कारखान्याचं होतं. मी म्हणालो, "पण तू तर हसतेस की." तिने मागे वळून माझ्याकडे पाहिलं, काचेतल्या नव्हे, खऱ्या माझ्याकडे. "तू पण हसतोस," ती म्हणाली.

मी तिथे उभा राहिलो. लोक बाजूने जात होते, एकाचा खांदा लागला, त्याने माफी मागितली की शिवी दिली ते कळलं नाही. कधी बघितलं हिने? शाळा सुटली की ती कधीकधी कारखान्यात येऊन बसते, फोमच्या ढिगावर, गृहपाठ करत. मान खाली घालून. मला वाटायचं ती गणितं करतेय. म्हणजे तिने बघितलं होतं: भिंतीला पाठ लावून जेवणारा बाप, कलंडलेला डबा, आणि हसू. आणि सगळ्या जगात तिला एकटीला ते हसू खोटं दिसलं होतं, कारण तसलंच हसू तिच्याही अंगात होतं. मला राग आला. दादाचा आला, मेलेल्या आईचाही आला, देव मला क्षमा करो. पण त्या रागाखाली काहीतरी ऊबदार होतं आणि ते वर येत होतं, गोठलेल्या बोटांवर कुणी कोमट पाणी सोडावं तसं, बरं वाटणारं आणि झोंबणारं. मला कुणीतरी पाहिलं होतं. आभार कसे मानतात पोरीचे? मी तिचं दप्तर घेतलं. ती म्हणाली, "राहू दे, मला जड नाही." मी परत दिलं.

"मग सांग ना त्यांना," बायको म्हणाली. आम्ही गच्चीवरचे वाळलेले कपडे काढत होतो. ती टेलिफोन खात्यात तक्रारी ऐकते, दिवसभर लोक तिच्यावर ओरडतात, त्यामुळे कुणी कुणाला काही सांगण्याचं तिला अप्रूप नाही. "अगं, दादा आहे तो." "दादाच आहेत ना? वाघ नाहीत. सांगितलं तर ऐकतील." "आणि नाही ऐकलं तर?" "नाही ऐकलं तर नाही ऐकलं. रविवारचं जेवायला जायचं बंद करू. मला तेवढीच झोप." ती चादरीचं एक टोक माझ्या हातात देऊन मागे मागे गेली, आणि मला कळलं की ती चेष्टा करत नाही. मला तिला सांगता येईना की भीती भांडणाची नाही, कारखान्याचीही नाही. हातात कला आहे, कुठेही खुर्च्या उसवतातच. भीती दुसरीच होती. मी दादाला मोठ्याने, स्पष्ट, तोंडावर कधीच थांब म्हणालो नव्हतो, आणि म्हणून दादा न थांबणारा माणूस आहे हे अजून सिद्ध झालं नव्हतं. त्याला कळत नाही, कळलं तर थांबेल, असा तो माझ्या मनात इतकी वर्षं चांगला राहिला होता. विचारलं आणि तो नाही थांबला, तर पाठुंगळी घेणारा, माझ्यासाठी मालकासमोर उभा राहणारा, तो सगळा दादा एका फटक्यात जाईल. मला एकच तर आहे. "चादर धर नीट," बायको म्हणाली, "लोळतेय खाली."

दात भरलेला असल्यामुळे त्या आठवड्यात मला खिळे तोंडात धरता येईनात. बाईंनी बजावलं होतं. मी कारखान्यात रिकाम्या तोंडाने गेलो, आणि बातमी हवेतून पसरावी तशी पसरली. पहिल्याच दिवशी मागून बोटं आली. मी हसलो. दुसऱ्या दिवशी खुद्द दादा आला, लाडात, गळ्यात हात टाकून, "काय रे हस्या, आज तोंड मोकळं का?" आणि दुसऱ्या हाताने काखेत. मी हसताना त्याच्या तोंडाकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. तिथे वाईट काही नव्हतं. ते तोंड भिंतीकडे बघणाऱ्या पोराचं होतं, कोणीतरी हसेल म्हणून वाट बघणाऱ्याचं. वाईट काही दिसलं असतं तर मी सुटलो असतो. उलट आणखी अडकलो.

रविवारी आम्ही दादाकडे गेलो, दर रविवारी जातो तसे. वाटेत टिचकीने सांगितलं की ती हात वर करणार आहे. मी म्हणालो, कर. मी आहे. हे "मी आहे" मी इतक्या ठासून म्हणालो की बायकोने वळून बघितलं. वहिनींनी दार उघडलं, आतून तळणीचा आवाज, आणि दादा टेबलापासून उठून दोन्ही हातांची बोटं वळवळत नाचवत आला. "आली का माझी टिचकी! कुठून सुरू करू, पोटापासून की मानेपासून?" टिचकी दारातच थांबली, दोन्ही पाय जुळवून, आणि तिने डावा हात वर केला, ताठ, कानाला लागेल असा. शिस्तीत. मला अभिमान वाटायला लागला तोवर जे व्हायचं ते झालं. माझ्या दादाला वर केलेल्या हाताचा अर्थ कुणी सांगितला होता? त्याला दिसली ती उघडी काख. "वा! स्वतःच दार उघडलं की गं!" म्हणत त्याने बोटं थेट तिथेच घातली, आणि पोर दुमडली आणि हसायला लागली. ते हसू. त्यातला तो उंच, फाटका सूर, जो फक्त ज्याच्या अंगातून निघतो त्यालाच कळतो. वहिनी आतून म्हणाल्या, "हसतेय की!"

"दादा, थांब!" मी ओरडलो. एवढ्या मोठ्याने मी कधी ओरडलो नव्हतो. आवाज कुठून आला कुणास ठाऊक, शेजारचं दार उघडल्याचं ऐकू आलं. दादाचे हात जागच्या जागी थांबले. वहिनी झारा घेऊन बाहेर आल्या, झाऱ्यातून तेल ठिबकत होतं. मग माझं तोंड फुटलं. "दिसत नाही का तुला? हात वर केलाय तिने! नाही आवडत तिला! कुणालाच आवडत नाही! श्वास जातो, माहितीये तुला? श्वास जातो माणसाचा, आणि तुम्ही सगळे..." अजून पुष्कळ बोललो असतो. सगळी वर्षं ओठांशी आली होती. पण माझ्या सदऱ्याला खालून कुणीतरी ओढलं. टिचकी. केस विस्कटलेले, डोळ्यांत हसण्याचं पाणी, धाप लागलेली, आणि चिडलेली. माझ्यावर. "बाबा, मी सांगत होते ना? माझं मला बोलू दे."

वहिनी म्हणाल्या, "बापाला तोंड फुटलं आणि लेकीने लगेच बूच लावलं," पण कुणी हसलं नाही. टिचकीने आधी श्वास गोळा केला. सगळे उभे राहिले तिचा श्वास गोळा होईपर्यंत, एवढा मोठा दादासुद्धा. मग ती म्हणाली, "काका, मला गुदगुल्या आवडत नाहीत. मी हसते ते मी हसत नाही. ते आपोआप होतं, शिंक येते तसं. हात वर केला की थांबायचं." दादाने विचारलं, "कधीपासून आवडत नाहीत?" "पहिल्यापासून." "मग आधी सांगायचं की गं." "आता सांगतेय की." दादाने स्वतःच्या हातांकडे पाहिलं. मोठे हात, नखांत डिंक, अंगठ्याला सुईचे जुने व्रण. ते हात लपवावेत की काय करावं ते त्याला कळेना, त्याने ते पाठीमागे नेले, मग पुढे आणले, मग लोंबू दिले. "माझ्याकडून झालं हो, मला कळलं नाही," तो म्हणाला. एवढ्याशा पोरीला हो लावून. मग माझ्याकडे वळला. "आणि तू रे? तुलाही?"

क्षणभर वाटलं, म्हणावं, जाऊ दे दादा. जिभेवर आलंच होतं. "मलाही," मी म्हणालो. "पहिल्यापासून." तो खुर्चीत बसला. ती खुर्ची आम्हीच शिवलेली. वहिनी आत जाऊन गॅस बंद करून आल्या. "आई हसायची रे तेव्हा," दादा म्हणाला. "दुसऱ्या कशाने नाही हसायची. मी नकला करून बघितल्या, पडून दाखवलं, काही काही करून बघितलं. तू हसलास की हसायची." मी म्हणालो, "माहितीये." तो म्हणाला, "नंतर... नंतर काय झालं, दुसरं काही यायचंच नाही मला." आणि नाक ओढलं. माझ्या दादाला रडता येत नाही, त्याच्या नाकातच काय ते होतं. मला त्याचे उपकार वाटले. जे केलं त्याचे नव्हेत. थांबला त्याचे. माझ्या ओरडण्यावर, पहिल्याच हाकेला, त्याचे हात हवेत थांबले होते, हे मी तेव्हा रागाच्या भरात बघितलं नव्हतं आणि आता पुन्हा पुन्हा बघत होतो. मागितलं असतं तर मिळालं असतं. यावर रडावं की नाचावं ते ठरवता येईना, म्हणून मी उभाच राहिलो.

"मग आता मी तुझ्याशी काय खेळू?" दादाने टिचकीला विचारलं, अगदी खरोखर, नवीन कामाला लागलेल्या माणसाने विचारावं तसं. तिने विचार केला. "पंजा लढवू या," ती म्हणाली, आणि टेबलाच्या पलीकडे खुर्ची ओढून गुडघ्यांवर उभी राहिली. "पण मुद्दाम हरायचं नाही. मोठी माणसं मुद्दाम हरतात." "बरं बाई." "आणि मुद्दाम वेळ लावून जिंकायचं पण नाही." "तू अटी फार घालतेस." "मग नको खेळू." "खेळतो, खेळतो." दादाने कोपर टेकवलं आणि पंजा उघडून वाट बघत राहिला. त्याने धरला नाही. तिने तिचा हात त्यात ठेवला, आणि त्याने एका क्षणात तिचा हात आडवा केला, कुठलंही नाटक न करता. टिचकी मनगट चोळत खूश होऊन ओरडली, "परत!" पुन्हा हरली. पुन्हा ओरडली. मग हसली. हे हसू पोटातून आलं, जाड आणि ओबडधोबड, त्याला मी ओळखत नव्हतो. बायको माझ्या शेजारी येऊन उभी राहिली.

वहिनींनी पानं घ्यायला सांगितली. टिचकी हात धुवायला पळाली. दादाचं कोपर टेबलावर तसंच होतं, पंजा उघडा, आणि त्याने माझ्याकडे पाहिलं. "ये रे हस्या," म्हणाला, मग थांबला, आणि माझं नाव घेतलं, शाळेच्या दाखल्यावरचं, जे त्याच्या तोंडून मी ऐकल्याचं मला आठवत नाही. "ये. तुझा एक पंजा होऊन जाऊ दे." मला काहीच हरकत नव्हती. खरं तर जावंसं वाटत होतं, दंडात तशी हालचालही झाली, आणि आयुष्यभराचं ते हो ओठांशी येऊन तयार उभं होतं, नेहमीच्या शिस्तीत.

"नको, दादा," मी म्हणालो.

आणि वाट बघत राहिलो. अरे ये रे, भाव खातो का, एकच तर, घाबरलास काय, यातलं काहीतरी येणार म्हणून अंग आवळून वाट बघत राहिलो.

"बरं," दादा म्हणाला, आणि हात काढून घेतला.